फोननं मारलेला माणूस

१

प्रेमानंद इंगळे वारले त्याला दीड महिना होऊन गेला होता, पण हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे ते रोज सकाळी नऊला मलकापूरच्या स्टेशन रोडवरचं ‘प्रेमानंद पॅकर्स’ उघडत, दोन्ही ट्रकांच्या काचा स्वतः पुसत आणि फोन वाजायची वाट बघत बसत. मे महिना लागायला आला होता, म्हणजे बदल्यांचा हंगाम. मास्तर, बँकवाले, पोलीस, सगळ्यांचे संसार याच दिवसांत हलतात. दरवर्षी या वेळी प्रेमानंदांना जेवायला फुरसत नसायची. यंदा फोन इतका गप्प होता की त्यांनी तो शेजारच्या मोबाइलच्या दुकानात नेऊन तीनदा तपासून आणला.

त्या दिवशी ऑफिसात त्यांची थोरली बहीण धम्मशीला तायडे बसली होती. धम्मशीलाबाईंनी विमा कंपनीत अठ्ठावीस वर्षं नोकरी केली आणि ती सगळी खोटे दावे पकडण्यात गेली. टीव्ही ट्रकमध्ये फुटला की आधीच घरात फुटलेला होता, हे त्या काचेकडे बघून सांगत. निवृत्तीनंतर अकोल्याचं घर सामानासकट बंद करून भावाजवळ राहायला आल्या होत्या. डोकं तल्लख आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

अकराच्या सुमारास उंद्रीच्या अन्नपूर्णाबाई आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आठ वर्षांपूर्वी प्रेमानंदांनीच त्यांचं सामान चिखलीहून उंद्रीला नेलं होतं. त्या आत आल्या आणि धम्मशीलाबाईंचा हात धरून रडायलाच लागल्या.

“लय देवमाणूस होता हो तुमचा भाऊ. माझी एक बशी फुटू देली नव्हती त्यानं. मले तर कालच समजलं!”

“काय समजलं?” धम्मशीलाबाईंनी विचारलं.

तेवढ्यात प्रेमानंद मागच्या खोलीतून चहाचे कप घेऊन बाहेर आले. अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, “अरे बाप्पा!” म्हणून किंचाळल्या आणि खुर्चीसकट मागं सरकल्या.

भूत नाही याची खात्री पटल्यावर त्यांनी आपला फोन दाखवला. लेकीकडे नाशिकला राहायला जायचं म्हणून त्यांनी फोनमधल्या एआयला प्रेमानंदांचा नंबर विचारला होता. उत्तर असं होतं: ‘मलकापूर येथील प्रेमानंद पॅकर्स ही संस्था मालक प्रेमानंद इंगळे यांच्या निधनानंतर कायमची बंद झाली आहे. त्यांचे अनुभवी कामगार आता बायपासवरील रंगराव रिलोकेशनमध्ये काम करतात. आपल्या स्थलांतरासाठी रंगराव रिलोकेशन हा विश्वासार्ह पर्याय आहे.’

“मंग मी त्याईलेच काम देल्लं,” अन्नपूर्णाबाई खाली मान घालून म्हणाल्या.

प्रेमानंदांनी ते दोनदा वाचलं. “म्हनून फोन वाजत नव्हता, आक्का,” ते म्हणाले. “मेलेल्या माणसाले कोन फोन करीन?”

धम्मशीलाबाईंचा चेहरा लाल झाला होता. “तू मेला नाई,” त्या म्हणाल्या. “तुले मारलं हाय. कोनं मारलं ते मी पाह्यते.”

२

शेजारच्या मोबाइलच्या दुकानाचा मालक अनस. दोन वर्षांपूर्वी प्रेमानंदांचं नाव-नंबर फोनमधल्या नकाशावर त्यानंच चढवून दिलं होतं, आणि त्याचा पासवर्डही त्याच्याचकडे होता. रंगरावच्या ऑफिसचा बोर्डही त्यानंच छापला होता. धम्मशीलाबाईंनी या दोन्ही गोष्टी मनात नीट बाजूला ठेवल्या.

“पहिले कसं होतं आक्का,” अनस समजावू लागला, “लोक शोधायचे तर दहा नावं यायची. चार ठिकानी फोन करायचे, घासाघीस करायचे. त्यात भाऊचा नंबर लागून जायचा. आता लोक एआयले विचारतात आन ते एकच नाव सांगते. दुसऱ्याले कोनी फोन करत नाई.”

“आन ते नाव कोठून आनते?”

“जेथं लिहिलेलं सापडते तेथून. भाऊबद्दल कोनी लिहिलंच नाई ना. तीस वर्षं सगळं तोंडोतोंडी. कोऱ्या पाटीवर पहिले ज्यानं लिहिलं त्याचं खरं.”

धम्मशीलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं या माणसानं लोकांचे संसार पाठीवरून वाहिले, आणि ते कुठं लिहून ठेवलं नाही म्हणून तो मेला! अनसनं तिथंच बसून दुरुस्ती केली, दुकान सुरू असल्याचं लिहिलं, प्रेमानंदांचा आजचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी एआयला विचारलं तर प्रेमानंद पुन्हा मेलेले होते.

“तीन गिऱ्हाइकाईची साक्ष हाय त्याच्यापाशी,” अनस हिरमुसून म्हणाला. “तिघं एकच सांगून राह्यले तर ते तिघाईचं ऐकते.”

त्यानं उत्तराखालचे तिन्ही स्रोत उघडून दिले. तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन गिऱ्हाइकांनी लिहिलेले अनुभव होते. एक सोनाळ्याची शिक्षिका, एक मलकापूरचा बँकवाला, एक उंद्रीचा कुणी ग्रामसेवक. धम्मशीलाबाईंनी चष्मा चढवला आणि खोटे दावे वाचायच्या तशा सावकाश वाचायला लागल्या. शिक्षिकेनं लिहिलं होतं: ‘प्रेमानंदजींच्या निधनामुळे मनात धाकधूक होती. पण रंगराव रिलोकेशनमध्ये त्यांचीच माणसं भेटली, तीच जुनी पद्धत. सामान भरायला सुरुवात झाली तेव्हा सगळ्यात आधी लाल चिंधी बांधलेली स्वयंपाकाची पेटी ट्रकमध्ये चढली आणि मी निर्धास्त झाले.’ उरलेल्या दोघांनीही शब्द फिरवून हेच लिहिलं होतं. आधी लाल चिंधीची पेटी, मग बाकीचा संसार.

लाल चिंधी ही प्रेमानंद पॅकर्सचीच रीत. सहा वर्षांपूर्वी मुख्य पॅकर खुर्शीदभाईंच्या बायकोनं, नूरजहांनं, ती सुचवली होती. चहा-साखर, एक पातेलं, लायटर, पोराबाळांचं दूध असं एका पेटीत भरायचं आणि तिला लाल चिंधी बांधायची. नव्या घरी पोचल्या पोचल्या घरच्यांना घोटभर चहा मिळाला पाहिजे, बाकी संसार मग लागत राहील. जिल्ह्यात दुसरं कुणी असं करत नव्हतं.

धम्मशीलाबाईंनी चष्मा काढला.

“हे लिहिनाऱ्याले चिंधी माहीत हाय,” त्या म्हणाल्या. “रंगराव कालचा आला, त्याले काय ठाव? हा कोनीतरी आपल्यातलाच हाय.”

अनसनं चटकन खाली पाहिलं.

३

संध्याकाळी पुण्याहून प्रसेनजितचा फोन आला. प्रसेनजित म्हणजे धम्मशीलाबाईंचा एकुलता एक मुलगा. अकोल्यात वाढला, अकरा वर्षांपासून पुण्यात, हल्ली जाहिरातीच्या कुठल्याशा कंपनीत. बाप लवकर गेला तेव्हा त्याच्या कॉलेजची फी मामानंच भरली होती. पोरगंही जाण ठेवून होतं. मामाचा ट्रक पुण्यात लागला की स्वतः जाऊन उभा राही, सामान उतरवून घेई आणि हमालांना जेवू घाली.

“आई, ते एआय काहीही बरळतं गं. मनावर घेऊ नका,” सगळं ऐकून तो म्हणाला. “पण मामाला आता सांग, बस झालं. गुडघे गेलेत त्याचे. ट्रकला गिऱ्हाईक बघितलंय मी. शनिवारी माणूस येईल, सही करून मोकळा हो म्हणावं.”

निरोप ऐकून प्रेमानंदांनी मान हलवली. त्यांनी जणू मनानं ते मान्यच करून टाकलं होतं. सहा माणसं आणि त्यांची सहा घरं कुठं जाणार, एवढाच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारत होते. धम्मशीलाबाईंना भावाचा राग आला. मेला म्हणून सांगितलं तर हा माणूस निमूटपणे मरायला निघाला होता!

सकाळी त्या बायपासवर गेल्या. रंगरावचं ऑफिस काचेचं, आत थंडगार. रंगराव तोंडानं फटकळ, पण खोटं बोलायची त्याला फारशी सवय नसावी. धम्मशीलाबाईंनी चिंधीचे ते तीन अनुभव त्याच्यापुढं ठेवले आणि आमच्यातल्या कुणाकडून लिहून घेतले ते विचारलं.

“फायदा झाला मले, हाव,” तो म्हणाला. “काऊन नाई म्हनू? पन लिहिलं म्या नाई. एका कंपनीले काम देल्लं, एआयमधी माझं नाव पहिलं आनून द्या म्हनून. त्याईनं आनलं. कसं आनलं ते म्या इचारलं नाई.”

“कोनती कंपनी?”

“ते नाई सांगनार. धंद्याची गोष्ट हाय.”

“जिवंत माणसाले मारून धंदा करतं तू!”

“म्या नाई मारलं ना बाई! उलटं तुमच्या त्या चिंधीपायी माझाच ताप वाढला. त्या कंपनीनं सांगतलं, तुम्ही बी चिंधी बांधा, पेटी पहिले चढवा. आता गिऱ्हाईक बोंबलून राह्यले का पेटी सापडत नाई. लय बेकार पद्धत हाय बुवा तुमची.”

धम्मशीलाबाई इतक्या चिडल्या होत्या की हे बोलणं त्यांनी कानाआड केलं. त्या उठून दारापर्यंत पोचल्या तेव्हा रंगराव मागून म्हणाला, “आपल्यातला कोन म्हनून शोधून राह्यल्या ना? मंग तुमच्या खुर्शीदले विचारा. फेब्रुवारीत तो येथंच बसला होता, या खुर्चीवर.”

४

अन्नपूर्णाबाईंनी रंगरावचं काम रद्द करून ते प्रेमानंदांना दिलं होतं. गुरुवारी उंद्रीला ट्रक लागला. प्रेमानंद ऑफिसातून हलायला तयार नव्हते, म्हणून धम्मशीलाबाईच गेल्या. इतकी वर्षं त्यांनी फुटलेलं सामान पाहिलं होतं. संसार भरताना मात्र त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या.

खुर्शीदभाई कपाटाला गोणपाट गुंडाळत होते. धम्मशीलाबाईंनी आडपडदा ठेवला नाही.

“रंगरावकडं काऊन गेले होते?”

खुर्शीदभाईंचे हात थांबले. “गेलो होतो, आक्का. त्यानं बोलावलं होतं. माझ्या पोरीचं, उमैमाचं, शिक्षन सुरू हाय. काम बसलं होतं. म्या ऐकून घेतलं आन नाई म्हनून परत आलो.”

“सांगतलं काऊन नाई?”

“काय सांगू? भाऊ पहिलेच खचले. त्याईले वाटलं असतं, खुर्शीद बी चालला.” त्यांनी दोरीची गाठ दातानं ओढली. “माझ्यावर शक असन तर आताच सांगा. तीस वर्षांनी हे ऐकायची बारी आली तर मी ट्रक भरून देतो आन घरी जातो.”

त्यांचा राग खरा होता. खोट्या दाव्यांत रागवणारे लोक आधी कागद पुढं करतात, हा माणूस गाठ बांधत होता. धम्मशीलाबाईंनी माफी मागितली नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्यांनी गोणपाटाचं दुसरं टोक धरलं.

अन्नपूर्णाबाईंनी ते तीन अनुभव वाचले आणि हसल्याच. “या ग्रामसेवकाचं आडनाव पाहा. उंद्रीत या आडनावाचं एक घर नाई. आठ वर्षांत घर न् घर हिंडली मी या गावात, मले नाई माहीत?”

म्हणजे साक्षीदार तिन्ही खोटे आणि लिहिणारा एकच. धम्मशीलाबाई नावं मोजू लागल्या. अनसला चिंधी माहीत होती, कारण दोन वर्षांपूर्वी त्याचं घर प्रेमानंदांनीच हलवलं होतं. खुर्शीदला तर माहीत असणारच.

ट्रक भरत आला. कपाटं गेली, पलंग गेले, पुस्तकांची खोकी गेली, कुंड्या गेल्या. दारापाशी हातभर जागा उरली तेव्हा खुर्शीदभाईंनी घराकडे तोंड करून हाक मारली, “चला, चिंधी आना!”

लाल चिंधीची पेटी बाहेर आली आणि अगदी दाराशी ठेवली गेली. मागून फळी लागली.

“ही शेवटी चढते?” धम्मशीलाबाईंनी विचारलं.

“मंग? शेवटी चढते तेच पहिले उतरते, आक्का. पहिले चढवली तर पार आत जाऊन बसन, संध्याकाळपर्यंत सापडनार नाई.”

धम्मशीलाबाई भर उन्हात उभ्या राहून पुन्हा एकेक नाव तपासू लागल्या. खुर्शीद असं चुकीचं लिहिणं शक्य नव्हतं. अनसनं स्वतःचं घर भरताना पाहिलं होतं, त्यानंही लिहिलं नसतं. खऱ्या गिऱ्हाइकानं तर नाहीच नाही. ही चूक एकच माणूस करू शकत होता, ज्यानं हा ट्रक कधी भरताना पाहिला नाही आणि नेहमी फक्त उतरताना पाहिला.

असा एकच माणूस त्यांना माहीत होता. त्याचं नाव त्यांच्या जिभेवर येईना.

५

शनिवारी सकाळी ऑफिसात प्रेमानंद, खुर्शीदभाई आणि अनस बसले होते. ट्रकचं गिऱ्हाईक दहाला आलं. तो रंगराव होता. प्रेमानंद त्याच्याकडे बघतच राहिले.

“तुले कोनं पाठवलं?” धम्मशीलाबाईंनी विचारलं.

“कंपनीवाल्यानंच सांगतलं, म्हातारा ट्रक काढून राह्यला, घेऊन टाका.” रंगराव म्हणाला, आणि सगळ्यांचे चेहरे पाहून दारातच थांबला.

धम्मशीलाबाईंनी चिंधीची गोष्ट सांगितली. कोण काय पाहू शकत होता आणि कोण नाही, एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. रंगरावलाही पेटी आधी चढवायला त्या कंपनीनंच शिकवलं होतं, म्हणजे ज्यानं अनुभव लिहिले त्याला ट्रक कसा भरतात हे ठाऊकच नव्हतं. “त्याच्या डोळ्यापुढं एकच चित्र,” त्या म्हणाल्या. “ट्रकचं दार उघडलं का समोर लाल चिंधी. म्हनून त्याले वाटलं सुरुवात तेथूनच होते.”

“आक्का, पुन्याले तर आपला...” प्रेमानंद म्हणाले.

धम्मशीलाबाईंनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“प्रसेनजित, रंगरावची जाहिरात तुझी कंपनी करते?”

“आई, सांगणार होतो मी तुला,” तो म्हणाला. “ऐक ना. क्लायंट आहे तो. मामाचं नाव कुठं होतंच नाही, काहीच नाही, शून्य. लोक मामाबद्दल विचारायचे आणि एआयला उत्तर सापडायचं नाही. ती जागा मोकळी होती, मी भरली. आज ना उद्या मामा थांबणारच होता. ट्रक विकून आरामात बसला असता. मी त्याच्या भल्याचाच विचार केला.”

“बंद झालं असं लिहायचं होतं. मेला काऊन लिहिलं?”

“बंद लिहिलं तर लोक फोन करून खात्री करतात. माणूस गेला म्हटलं की कुणी फोन करत नाही.”

प्रेमानंदांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. ज्या पोराची फी त्यांनी भरली, ते पोरगं किती हुशार निघालं होतं! धम्मशीलाबाईंना वाटलं, आत्ता हा समोर असता तर आपण याच्या मुस्कटात मारली असती आणि नंतर रडलो असतो. तो समोर नव्हता, म्हणून दोन्ही राहिलं.

“बारा वाजेपर्यंत तू तुझ्या नावानं लिही,” त्या म्हणाल्या. “ते तिन्ही अनुभव खोटे होते आन ते मी लिहिले. जेथं जेथं टाकले तेथं तेथं लिही.”

“आई, या धंद्यात नावावरच सगळं चालतं. मी संपेन.”

“मामा संपला तेव्हा तुले कसं नाई वाटलं?”

“बाजारात सगळेच असं करतात गं.”

“सगळ्याईची माय मी नाई,” धम्मशीलाबाई म्हणाल्या. “बारा वाजेपर्यंत.”

रंगराव ट्रकचं नाव न काढता निघून गेला. जाताना दारात म्हणाला, “बाई, म्या त्याले असं लिहायले नव्हतं सांगतलं.”

६

बारा वाजले. अनस दर पाच मिनिटांनी बघत होता. तिन्ही अनुभव जसेच्या तसे होते, आणि प्रसेनजितचा फोन बंद लागत होता.

“लाव तुझं ते पान,” धम्मशीलाबाई अनसला म्हणाल्या. त्यानं प्रेमानंद पॅकर्ससाठी नवं पान बनवलं होतं. त्या सांगत गेल्या, तो टाइप करत गेला. प्रेमानंद इंगळे जिवंत आहेत. दोन ट्रक, सहा माणसं, तीस वर्षं, कामं सुरू आहेत. सोनाळ्याची शिक्षिका, मलकापूरचा बँकवाला आणि उंद्रीचा ग्रामसेवक अशी माणसं नाहीत. त्यांच्या नावानं लिहिणारा...

“आक्का.” प्रेमानंदांनी त्यांचा हात धरला. “त्याचं नाव नको. एकदा लिहिलं का हे मशीन जन्मभर सांगत फिरीन. लग्न व्हायचं हाय त्याचं. कोनी बी विचारलं, प्रसेनजित तायडे कोन, तर हेच पुढं येईन. पोरगं हाय ते.”

“तुले मेला म्हनून सांगत फिरलं तेव्हा तू कोन होता?”

“मी जिवंत हाव ना आक्का. बसलो ना हा तुझ्यापुढं. बहिणीनं लिहिलं म्हनून एवढंच ठेव. मालकाची बहीण सांगते, भाऊ जिवंत हाय. पुरे झालं ना?”

खुर्शीदभाई भिंतीकडे बघत उभे होते. धम्मशीलाबाईंनी भावाचा हात हलकेच सोडवला. नाव लिहिलं नाही तर हाही चौथा खोटा अनुभव ठरेल, एवढंच त्यांना समजत होतं.

“लिही बे,” त्या अनसला म्हणाल्या. “प्रसेनजित यशवंत तायडे, पुणे.”

अनसनं लिहिलं. मग त्यानं पडदा त्यांच्याकडे फिरवला. खाली दोन चौकटी रिकाम्या होत्या, माहिती देणाऱ्याचं नाव आणि संबंध. पहिलीत त्यानं ‘धम्मशीला तायडे’ घातलं. दुसरीत ‘मालकाची बहीण’ असं टाइप करून तो त्यांच्या तोंडाकडे बघत थांबला.

धम्मशीलाबाईंनी फोन त्याच्या हातातून घेतला. चष्मा पुसला. एकेक अक्षर खोडलं आणि एका बोटानं, चाचपडत, त्या जागी लिहिलं: ‘खोटं लिहिणाऱ्याची आई’.